घराण्यांच्या तसबिरी व त्यांचें प्रामाण्य

एखादें जुनें पत्र संशोधकाच्या हातीं आलें म्हणजे तो प्रथम तें वाचीत नाहीं. उलटसुलट करून पाहतो. कागद कोणता, शिक्का कोणाचा, मोर्तब आहे कीं नाहीं, अक्षर कारकुनी कीं खासगत, मिति शकाची कीं चंद्र मुसलमानी सनाचा, पत्र अस्सल कीं नक्कल, आणि तें कोणाच्या दप्तरांतून निघालें, हे प्रश्न सुटल्यावांचून मजकुराच्या आधारें विधान करूं नये, ही शिस्त कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून महाराष्ट्रांत हळूहळू रुजली. परंतु त्याच संशोधकाच्या हातीं एखाद्या घराण्यांतील फोटो आला कीं ही सारी शिस्त क्षणांत गळून पडते. “हे आमचे पणजोबा,” असें यजमानांनीं सांगितलें कीं काम झालें. तसबीर कुलवृत्तांताच्या आरंभीं गुळगुळीत कागदावर छापली जाते, खालीं नांव पडतें, आणि पुढच्या पिढीला तें नांव वेदवाक्य होऊन बसतें. पुराव्याच्या दृष्टीनें हा प्रकार बखरीला अस्सल पत्र मानण्याइतकाच सदोष आहे, आणि त्याचें परीक्षण कोणी तरी करणें अवश्य आहे.

या गैरशिस्तीच्या मुळाशीं एक समज आहे. कॅमेरा हें यंत्र, यंत्राला पक्षपात नाहीं, तेव्हां फोटो खोटा बोलणार नाहीं, असा तो समज. यंत्राला पक्षपात नसेल. पण यंत्रापुढें कोणाला बसवावयाचें, कोणत्या वेषांत, कोणाच्या शेजारीं, हें ठरविणारा माणूसच असतो, आणि तसबिरीखालीं नांव लिहिणारा तर बहुधा तिसराच कोणी असतो. चित्रांच्या बाबतींत हा धडा आपण पूर्वींच शिकलों आहों. इब्राहिमखान नांवाच्या सरदाराचें चित्र शिवछत्रपतींचें म्हणून महाराष्ट्रांत चालत होतें, कै. वा. सी. बेंद्रे यांनीं तो भ्रम दूर करून महाराजांचें समकालीन चित्र पुढें आणलें. त्या प्रकरणांत चित्र खोटें नव्हतें, नांव खोटें होतें. फोटोच्या बाबतींतही नव्याण्णव वेळां दोष नांवाकडेच असतो.

तसबीर काढवून घेणें ही आपल्याकडे पूर्वीं मोठ्या घरची गोष्ट होती. जेम्स वेल्स हा चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत पुणें दरबारीं राहिला आणि त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढलीं. १७९२ चें त्याचें मोठें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. पण नानांच्या फडावर बसणाऱ्या कारकुनाचा चेहरा कसा होता, हें विचारण्याची सोय नाहीं. तो कारकून आपल्याला अक्षरानें ओळखीचा आहे, चेहऱ्यानें नाहीं. चेहरा जपण्याचा हक्क साध्या गृहस्थाला मिळाला तो फोटोग्राफीमुळें. १८३९ त पॅरिसला दागेर याची कृति जाहीर झाली. १८५१ त आर्चर यानें ओल्या कांचेची रीत काढली व एका कांचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती छापतां येऊं लागल्या. १८५४ त दिस्देरी यानें भेटपत्राएवढ्या पुठ्ठ्यावरील स्वस्त तसबिरींचा हक्क नोंदविला. त्याच १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होत, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर लवकरच मुंबईंत या धंद्याची पेढी थाटली. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली असें म्हणण्यास जागा नाहीं.

मुंबईहून ती आंत कशी शिरली हें पाहावयाचें असेल तर रेल्वेचा नकाशा पुढें ठेवावा. पुण्याच्या पूर्वेस दिकसालपर्यंतचा फांटा १८५८ त सुरू झाला, व जुन्या भीमथडी तालुक्यांतील पाटस, दौंड हीं गांवें रुळावर आलीं. १८७८ त दौंड-मनमाड मार्ग उघडला आणि भीमेच्या कांठचें हें साधें खेडें मोठें जंक्शन बनलें. पाटसचा जमीनदार, दौंडचा स्टेशनमास्तर किंवा घोडनदीच्या बाजूचा पेन्शनर सुभेदार यांना पुण्याच्या छावणींतील स्टुडिओ आतां एका दिवसाच्या टप्प्यांत आला. लग्न, मुंज, नोकरींतील बढती, पलटणीबरोबर परदेशीं जाणें, असा प्रसंग आला कीं लोक जाऊन तसबीर काढवीत. (संग्राहकांसाठीं एक सूचना. जुन्या इंग्रजी कागदांत दौंडचें नांव ‘धोंड’ अशा रूपानें येतें. परदेशच्या याद्यांत शोध घेतांना त्या अक्षरांखालीं पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.)

आतां या तसबिरींत खरोखर काय दिसतें? धंदेवाईक फोटोग्राफराच्या खोलींत जो पडदा, जी कोरीव खुर्ची, जें वर्तुळाकार टेबल, त्यावरील जें जाड पुस्तक दिसतें तें सर्व दुकानाचें. पणजोबांच्या हातीं पुस्तक आहे, यावरून ते व्यासंगी होते असें लिहिणाऱ्या चरित्रकारांना काय म्हणावें? तेंच पुस्तक त्या दिवशीं आणखी दहा जणांच्या हातीं गेलें असेल. घड्याळाची सांखळी व कोट यांचीही तीच गत. हे जिन्नस गिऱ्हाइकासाठीं स्टुडिओंत टांगलेले असत. मुद्रेचा प्रश्न त्याहून गमतीचा आहे. ओल्या कांचेच्या काळीं माणसाला कित्येक सेकंद निश्चळ बसावें लागे. मान हलूं नये म्हणून मागून लोखंडी चिमट्याचा टेंका देत. इतका वेळ हंसूं टिकत नाहीं. कुलवृत्तांतांतून “करारी मुद्रा” व “भेदक दृष्टि” यांचीं जीं वर्णनें आढळतात त्यांतील बराचसा करारीपणा त्या चिमट्याचा आहे.

रंगाविषयीं तर विशेषच जपावें. जुन्या कांचांवरील लेपास निळा प्रकाश चटकन् लागे, तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळें लाल पागोटें काळें उमटतें, कुंकू शाईच्या ठिपक्यासारखें दिसतें, निळें वस्त्र पांढरें पडतें, आणि गव्हाळ वर्णाचा माणूस आहे त्याहून सांवळा दिसतो. पुढें हाच फोटो पाहून एखादा चित्रकार तैलचित्र रंगवितो, पागोटें काळें करतो, आणि तिसऱ्या पिढींत “आमच्या घराण्यांत काळ्या पागोट्याची चाल होती” अशी परंपरा तयार होते. धातूच्या पत्र्यावरील व कांचेवरील एकेरी तसबिरींत डावें-उजवें उलटें येतें, हेंही ध्यानीं असावें. अंगरख्याचे बंद किंवा पदराची बाजू यांवरून जातिविशेष ठरविणाऱ्यांनीं आधीं तसबीर कोणत्या जातीची आहे तें ठरवावें.

कालनिर्णयासाठीं बहुतेक लोक पुठ्ठ्याकडे धांव घेतात. पुठ्ठा उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. सुमारें ४ इंच उंच व २॥ इंच रुंद असें लहान कार्ड आधींचें. ६॥ व ४। इंचांचा ‘कॅबिनेट’ आकार १८६६ नंतर प्रचारांत आला. पाठीवर फोटोग्राफराचें नांव व पत्ता छापलेला असतो, आणि पेढी कोणत्या सालीं कोणत्या रस्त्यावर होती हें जुन्या डिरेक्टऱ्यांवरून काढतां येतें. पण येथें एक खांच आहे. पुठ्ठ्याची तारीख ती तसबिरीची तारीख नव्हे. १८७० च्या सुमारास काढलेला फोटो जीर्ण झाला म्हणून १९०० त दुसऱ्या पेढीकडे नेऊन त्याचा फोटो घेवविला, तर नवीन पुठ्ठ्यावर नवीन पेढीचें नांव येतें. ही शुद्ध नक्कल होय, आणि नक्कल म्हणूनच ती नोंदली पाहिजे. तिची ओळख अशी कीं मूळ प्रतीवरील चिरा, डाग व घड्या नकलेंत चित्राचा भाग होऊन येतात; बोटाला कागद सपाट लागतो, डोळ्याला मात्र घडी दिसते. भिंतीवर हार घालून टांगलेल्या मोठ्या तसबिरी बहुतेक सगळ्या याच वर्गांतल्या. एखाद्या समूहचित्रांतून मृताचें डोकें कापून काढावें, तें मोठें करावें, खांद्यापासून खालचा देह कोळशानें किंवा कुंचल्यानें पुरा करावा, ही त्या धंद्याची नित्याची रीत होती. त्या तसबिरींतील कोट मृतानें कधीं अंगांत घातलाच नसेल.

एवढें दोषदर्शन केल्यावर उत्तम पुरावा कसा असतो याचेंही उदाहरण दिलें पाहिजे. डॉ. आनंदीबाई जोशी यांची फिलाडेल्फिया येथील १० ऑक्टोबर १८८५ ची तसबीर सर्वांच्या परिचयाची आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांतील तीन विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानची केइ ओकामी व दमास्कसची इस्लांबूली, आपापल्या देशच्या वेषांत बसल्या आहेत. स्थळ ठाऊक, दिवस ठाऊक, माणसें ठाऊक, आणि प्रत त्याच विद्यालयाच्या संग्रहाच्या परंपरेनें आलेली; मालकी कोठेंही तुटलेली नाहीं. कुलवृत्तांतकारांनीं हेवा करावा असा हा कागद आहे. तरी तोही परीक्षणावांचून घेऊं नये. त्या तसबिरीच्या एका छापील प्रतीखालीं तिघींच्या नांवांमागें ‘डॉक्टर’ ही पदवी आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ त, ओकामीला १८८९ त व इस्लांबूलीला १८९० त. अर्थात् चित्र १८८५ चें असलें तरी त्याखालच्या ओळी १८९० च्या आधींच्या असूं शकत नाहींत. त्याच ओळींत आनंदीबाईंचें गांव म्हणून जें नांव छापलें आहे तें सेरामपूरचें विकृत रूप आहे, आणि इस्लांबूलीचें स्वतःचें नांव एके ठिकाणीं ‘सबात’ तर दुसरीकडे ‘तबात’ असें वाचलेलें आढळतें. चित्र व लेख हीं दोन वेगळीं साधनें आहेत, दोघांच्या तारखा वेगळ्या, व दोघांचें प्रामाण्य वेगळें. जेथें विद्यालय, दिवस व तिथी नक्की आहेत तेथें ही स्थिति, तर तारखेवांचून भिंतीवर टांगलेल्या आपल्या तसबिरींची काय कथा!

स्त्रियांच्या तसबिरींविषयीं याच अनुषंगानें लिहिलें पाहिजे, कारण आपल्या कुलवृत्तांतांचा सर्वांत मोठा अपराध तेथें घडतो. पुरुषांचीं नांवें बापाच्या नांवासह संपूर्ण, आणि शेजारीं बसलेल्या स्त्रिया “सौ. काकू”, “कै. मातोश्री” किंवा नुसत्या “मंडळी”! त्यांत आपल्या पुष्कळ ज्ञातींत लग्नानंतर मुलीचें आडनांवच नव्हे, तर जन्मनांवही बदलतें. आनंदीबाई कल्याणास १८६५ त जन्मल्या तेव्हां त्यांचें नांव यमुना. न्या. रानडे यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुना, कुर्लेकरांच्या. समजा, एखाद्या माहेरच्या संग्रहांत यमुना नांवाच्या मुलीची तसबीर आहे व सासरच्या संग्रहांत रमा नांवाच्या स्त्रीची. जोडणारा कागद नसेल तर पन्नास वर्षांनीं त्या दोन निराळ्या व्यक्ति होतात; माहेरच्या वंशावळींत यमुनेपुढें “अल्पवयांत निवर्तली” असा शेराही पडूं शकतो. जी स्त्री चार मुलांची आजी होऊन वारली ती तिच्याच भावांच्या वंशांत बालपणीं मेलेली ठरते. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, आपल्या लेखणीचा आहे, आणि प्रत्येक तसबिरीमागें दोन्हीं नांवें लिहिल्यानें तो टळतो.

याच्या नेमका उलट प्रकार दौंड तालुक्यांतच, पुण्याच्या बाजूस, केडगांवीं दिसतो. पंडिता रमाबाईंनीं तेथें मुक्तिसदन वसविलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून शेंकडों अनाथ मुली तेथें आल्या. १९०० च्या सुमारास आश्रमांतील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. स्वतः रमाबाईंच्या तसबिरी बऱ्याच आहेत, कन्या मनोरमाबाईंसह काढलेल्याही आहेत, व त्यांच्या आयुष्याचा कालक्रम इतका नोंदलेला आहे (मनोरमाबाई १९२१ त वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं) कीं त्यांचा काळ ठरविण्यास फारसें अवघड पडत नाहीं. प्रश्न आहे तो इतर मुलींचा. त्यांच्या तसबिरी कुटुंबासाठीं निघाल्या नाहींत. त्यांना कुटुंब उरलेंच नव्हतें. मिशनच्या कार्याची माहिती इंग्लंड-अमेरिकेंतील साह्यकर्त्यांस व्हावी म्हणून त्या काळीं अशीं चित्रें छापीत, आणि त्यांत मुलगी दिसते ती दुष्काळाचा किंवा उद्धाराचा नमुना म्हणून. कुलवृत्तांतांत नांव असतें व चेहऱ्याची खात्री नसते. येथें चेहरा असतो व नांव नसतें. नांव असलें तरी तें आश्रमांत मिळालेलें नवें असण्याचा संभव असतो.

पुराणवस्तूंच्या संग्राहकांस या तसबिरी किरकोळ वाटतील. त्यांत सरदार नाहीं, वाडा नाहीं, सनद नाहीं. आमचें मत निराळें आहे. पाटील-देशमुखांचा वंश वतनाच्या कागदांवरून, कुलोपाध्यायांच्या वह्यांवरून, तीर्थक्षेत्रींच्या बाडांवरून पुन्हां उभा करतां येतो. फोटो हरवला तरी घराणें हरवत नाहीं. दुष्काळांत आईबाप गमावून परप्रांतांत आलेल्या मुलीचें असें कांहींच नाहीं. तिच्या नातवंडांपुढें तिच्या पूर्वायुष्याचा एखादाच कागद असूं शकतो, आणि तो बहुधा असें चित्र. म्हणून जेथें प्रवेशाची नोंदवही व चित्र दोन्हीं राहिलीं असतील तेथें तीं एकमेकांशीं ताडून पाहणें हें काम एखाद्या वतनी दप्तराच्या वाचनाहून मुळींच कमी प्रतीचें नाहीं. मात्र तें काम वंशजांना विचारून व्हावें. भुकेनें सुकलेल्या आजीचें चित्र नांवासह जगापुढें मांडावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार संग्राहकाचा नाहीं.

रमाबाईंच्याच घराण्याकडे पाहतां दुसरीही एक गोष्ट ध्यानांत येते. अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई हीं त्यांचीं मातापितरें पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडलीं आणि १८७० नंतरच्या दुष्काळांत गेलीं. ज्या पिढीच्या हातीं पैसा नव्हता व ठिकाणाही नव्हता ती स्टुडिओच्या पायऱ्या कशी चढणार? पण पतीनें पत्नीला संस्कृत शिकविलें, पत्नीनें तें मुलीला पढविलें, हें मुलीनें लिहून ठेवलें, आणि त्या लेखामुळें लक्ष्मीबाईंची आकृति जितकी स्पष्ट उभी राहते तितकी कित्येक श्रीमंत घरच्या तैलचित्रांनीं राहत नाहीं. कुलस्मृति जपण्यास तसबीर पुरेशी आहे, असें मानून जीं घराणीं चार ओळींची टिपणें लिहावयाचा कंटाळा करतात त्यांनीं या उदाहरणाकडे पाहावें.

अलीकडे एक नवें संकट उभें राहिलें आहे. जुनी पुसट तसबीर संगणकांत घालून ती “पूर्ववत्” करून देणारे आतां गल्लोगल्लीं झाले आहेत. चिरा बुजविणें, काळोख उजळणें येथपर्यंत ठीक. पण आजचीं यंत्रें त्यापुढें जाऊन, जेथें डोळा उमटलाच नव्हता तेथें डोळा घालतात, गालावर रंग भरतात, लुगड्यावर काठ काढतात. तो डोळा पणजीचा नव्हे. हजारों परक्या चेहऱ्यांवरून यंत्रानें जुळविलेला आहे. पत्रांतील फाटलेल्या जागीं संपादक टिंबें देतो, आपल्या कल्पनेचा मजकूर घालून मूळ म्हणून छापीत नाहीं. तसबिरीलाही तोच नियम लावावा. सुशोभित प्रत दिवाणखान्यांत खुशाल लावावी, पण मूळ प्रत आहे तशी ठेवावी, दोहोंवर तसें लिहावें, आणि कुलवृत्तांतांत छापावयाची ती मूळच.

या दृष्टीनें कुलवृत्तांताच्या संपादकांकडून मागावयाचें तें फार नाहीं. प्रत्येक तसबिरीखालीं ती अस्सल कीं नक्कल, आकार काय, पुठ्ठ्यावर मागें-पुढें काय छापलें किंवा लिहिलें आहे, कोणाच्या संग्रहांतली, आणि ओळख कोणी व कोणत्या सालीं पटविली, एवढें द्यावें. ओळख पटविणाऱ्याचें वय व नातें अवश्य द्यावें. ज्यानें त्या माणसाला जिवंतपणीं पाहिलें त्याचा शब्द व ज्यानें फक्त भिंतीवर पाहिलें त्याचा शब्द सारखा नव्हे. ओळख तर्कानें असेल तर तसें स्पष्ट म्हणावें. तसबिरीच्या पाठीवर शाईनें लिहूं नये, शाई फुटून पुढें येते; मऊ शिसपेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें लिहावें.

दौंडपुरतें एक काम मात्र तांतडीचें आहे. रेल्वेच्या वसाहतींत राहिलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकीं पुष्कळ १९४७ नंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे गेलीं व आपल्या तसबिरी घेऊन गेलीं. त्यांच्या आल्बमांत या गांवचें स्टेशन, बंगले, क्लब व नोकरचाकर यांचे जे चेहरे असतील त्यांची ओळख पटवूं शकणारीं माणसें येथें दिवसेंदिवस कमी होत आहेत. दुसरीकडे, फोटोग्राफरांच्या जुन्या कांचा वारसांना अडगळ वाटून रद्दींत जातात. लेप धुऊन त्या कांचा चौकटींना बसविण्याची चाल तर फार जुनी आहे. कांचेबरोबर पेढीची गिऱ्हाइकांची वही मिळाली तर तिची किंमत कांचेहून अधिक समजावी, कारण नांव व तारीख तिच्यांतच असते. कांचा आडव्या एकावर एक रचूं नयेत, वजनानें खालच्या फुटतात. प्रत्येकीस स्वतंत्र कागदांत गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवाव्या, अनुक्रमांक कागदावर घालावा, आणि ओलीमुळें एकमेकींस चिकटलेल्या असतील तर जाणत्याला दाखविल्याशिवाय ओढून सोडवूं नयेत.